शेषेरावच्या हासळीचं माप

मोंढ्यात दाणा कुणी मुद्दाम सांडत नाही. पोतं उचललं की शिवणीतून चार दाणे खाली पडतात, दुसरं उचललं की आणखी चार. संध्याकाळी ओट्यापुढची जागा झाडली की सूपभर ज्वारी निघते! किश्श्यांचंही तसंच आहे. आपण धंदा करत असतो, ते आपले पायाशी पडत राहतात. पुष्कळ वर्षांनी झाडायला बसावं, तर सूप भरतं.

मी काही शाळेत शिकलेला माणूस नाही. मोडी वडिलांनी शिकवली, उर्दू मी निजामी जाहीरनाम्यांवरून उचलली आणि इंग्रजी अक्षरं रुईच्या गाठींवरच्या शिक्क्यांवरून. तरी जालन्याच्या मोंढ्यात अडतीच्या दुकानावर बसून मी एका गोष्टीचा बराच अभ्यास केला. ती गोष्ट म्हणजे माणसाची हासळी!

हासळी म्हणजे गळ्याखाली दोन्ही बाजूंना आडवं असतं ते हाड. बायकांच्या गळ्यातल्या चांदीच्या हासळीसारखं वाकलेलं. माझ्या सुपातले बहुतेक किस्से या हाडाचे, आणि ते सगळे फिरून फिरून एकाच माणसापाशी येतात. टेंभुर्णीचा शेषेराव. आमच्या हमालांच्या टोळीतला सगळ्यात भरवशाचा खांदा. त्याची उजवी हासळी मोडली आणि तो पुन्हा पोतं उचलील की नाही, हा प्रश्न वर्षभर आमच्या ओट्यावर बसून होता. पण तिथं जायचं तर आधी विठोबा शिंप्याकडून जावं लागेल.

* * *

एका दसऱ्याला मी टोळीला बंड्या शिवून द्यायचं ठरवलं. चौदा माणसं. विठोबानं शेषेरावचं एकट्याचं माप घेतलं, बाकीच्यांना नुसतं डोळ्यानं पाहिलं आणि चौदा बंड्या शिवून आणल्या.

टोळीनं त्या अंगात घातल्या अन् मोंढा हसून हसून लोळला! एकाची बंडी डावीकडं घसरलेली, दुसऱ्याचा गळा कानाला लागलेला, तिसऱ्याच्या पाठीवर कापडाची वळकटी.

बाबूमियाँ मुकादम म्हणाले, "विठोबा, तू बंडी सी के लाया की बैलाची झूल?"

विठोबा चिडला. म्हणाला, "बंडी सरळ हाय मुकादम, माणसंच वाकडी हायेत!"

मी म्हटलं, मग पाहूनच टाकू. ओट्यावर एकेकाला उभा केला. गळ्याच्या खळगीपासून खांद्याच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंची मापं घेतली. चौदांपैकी एकाचेही दोन खांदे सारखे निघाले नाहीत! जो उजव्यावर पोतं घेई, त्याची उजवी बाजू आखूड आणि जाड, डावी लांब आणि बारीक. कुणाची हासळी धनुष्यासारखी, कुणाची काठीसारखी.

विठोबा घरी गेला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच हजर. चेहरा उतरलेला.

"शेटजी, काल घरी बायकोकडून माझंबी माप घेतलं. डावा खांदा अर्धं बोट लांब निघाला. पन्नास वर्सं झाली, एका माणसानं सांगितलं न्हाई!"

* * *

हमालाच्या खांद्यावर पोत्याखाली एक गादी असते. वर चामडं, आत दाबून भरलेला कापूस, बगलेतून बांधायची वादी. नवी असते तेव्हा पाटासारखी सपाट. मग ऊन, घाम आणि ओझं यांनी ती हळूहळू खाली बसते आणि दोन-चार वर्षांत मालकाच्या खांद्याचा अगदी साचा होते.

या गादीचे टोळीत तीन कायदे होते. निजामाचे कायदे बदलत, हे बदलत नसत. एक, दुसऱ्याची गादी वापरायची नाही. दोन, ज्या गादीवरून माणूस पडला, ती त्याच दिवशी कुंडलिका नदीत सोडायची. आणि तीन, मेलेल्याची गादी घरात खुंटीला राहते. खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागतं, पण पोरानं ती खांद्यावर घ्यायची नाही.

धावड्याकडचा एक नवा गडी टोळीत आला होता. चांगला तालमीतला. त्याला हे कायदे म्हणजे म्हाताऱ्यांची बडबड वाटली. शेषेराव जेवायला बसला तेव्हा यानं त्याची गादी उचलली आणि सरकीची दहा-बारा पोती वाहिली. दुपारपर्यंत त्याचा खांदा सुजून लाल! मान वळेना.

मुकादमांनी पाहिलं. शिवी नाही, आरडाओरडा नाही. एवढंच म्हणाले, "का रे, दुसऱ्याची कवळी लावून भाकर खातो का तू?"

* * *

हाडवैद्य म्हणावा तर तुळशीराम. हाही धावड्याचाच. बाजाराच्या दिवशी येई. मनगट, घोटा, बोट, असलं काही असेल तर त्याच्यासारखा हात मी पाहिला नाही. बोलता बोलता हाड बसवी, आणि रोगी ओरडायच्या आत "झालं, ऊठ" म्हणे.

एकदा मुकादमांची मान आखडली. तुळशीरामनं त्यांना ओट्यावर बसवलं, डोळे मिटून डावी हासळी चाचपली, मग उजवी चाचपली. उजवीवर एक गाठीसारखा उंचवटा. तुळशीरामचे डोळे एकदम उघडले.

"निसटलीय!" म्हणाला, आणि मुकादमांच्या पाठीला गुडघा लावून दोन्ही हातांनी तो उंचवटा असा दाबला, की मुकादम अर्धे उठले.

"अरे छोड! छोड! वो मेरी पैदाइशी है!"

"काय?"

"जन्माची हाय ती, जन्माची! माझ्या बापालाबी व्हती!"

तुळशीराम गुडघा काढून बाजूला झाला. घाम पुसला. पण गडी शरमला नाही बिलकुल! म्हणाला, "मंग बोलायचं न्हाई का आधी? आणखी घटकाभरानं मी ती मोडून बराबर बसवली असती!"

आम्ही हसलो. पण मला त्या दिवशी वाटलं, यात त्याचं काय चुकलं? एका बाजूवरून दुसरीचं माप काढायचं, हे कुणीही शहाणा माणूस करील. पुढं एका फार शहाण्या माणसानं हेच केलं, तेव्हा मला तुळशीरामचा गुडघा आठवला.

* * *

तो शहाणा माणूस म्हणजे डॉक्टर नुरुद्दीन. हैदराबादेत शिकून स्टेशनाजवळच्या दवाखान्यात आले होते. बारीक अंगाचे, चष्मा, बोलणं अदबीचं. संध्याकाळी माझ्याकडं वर्तमानपत्र वाचायला येत, कारण डाक माझ्याकडं आधी पोचे.

माझा हासळीचा नाद त्यांच्या कानावर गेला. एका दुपारी ते बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आले आणि झाकण काढून म्हणाले, "शेटजी, जरा जोडी लावा."

आत माणसांच्या सहा हासळ्या!

आमचे मुनीम गोविंदराव यांनी डोकावून पाहिलं. लेखणी कानावर ठेवली, उठले, "आंघोळ करून येतो" म्हणाले आणि गेले. ते दुसऱ्या दिवशीच आले!

मी ओट्यावर धुतलेलं धोतर अंथरलं. सहा हाडं मांडली. मूठभर दाण्यावरून अख्ख्या पोत्याचा भाव सांगणारा मी माणूस. म्हटलं, यात काय अवघड? दोन अगदी सारखी होती, ती जोडली. उरलेल्या चारांच्याही दोन जोड्या लावल्या.

डॉक्टर हसले. "तीनों गलत!"

मग त्यांनी एक जाड, आखूड, पिळलेलं हाड घेतलं आणि एक लांब, सडपातळ. शेजारी ठेवली. "हे दोन एका माणसाचे. उजवं आणि डावं."

"एकाच माणसाची?"

"एकाच माणसाचे. आणि हे पाहा." एका हाडात बारीक भोक होतं, सुई जाईल एवढं. "कुणाकुणाला असतं. त्यातून नस जाते. आणि या हाडाच्या खालून हाताला रक्त नेणारी मोठी रग जाते. मोडलेलं हाड जोडताना स्क्रू गव्हाभर जास्त आत गेला, तर माणूस टेबलावरच संपला." डब्याकडं पाहून म्हणाले, "किताबात एका हासळीची तसवीर आहे, शेटजी. माझ्याकडं सहा आहेत. एकही तिच्यासारखी नाही."

मी विचारलं, "ही कुणाची हाडं, डॉक्टरसाहेब?"

त्यांनी चष्मा पुसला. "ज्यांना न्यायला कोणी आलं नाही, त्यांचे."

मी धोतराचा पदर त्या हाडांवर ओढला. डॉक्टरांनी तो दूर केला नाही. हाडं डब्यात जाताना धोतरासकटच गेली.

* * *

शेषेराव पडला तो मालधक्क्यावर. मालगाडीच्या डब्याच्या दारातून खाली लावलेली फळी सरकली. पोतं एकीकडं, हा दुसरीकडं, आणि सगळा भार उजव्या खांद्यावर. कायद्याप्रमाणं त्याची गादी त्याच दिवशी कुंडलिकेत गेली. मुकादमांनी स्वतः सोडली.

तुळशीरामनं बांधलं. तीन महिने बांधलं. पण हाड जुळलं नाही. एक टोक दुसऱ्यावर चढून राहिलं आणि कातडीखाली तंबूच्या खुंटीसारखं वर आलं. हात खांद्याच्या वर जाईना. तुळशीरामनंच एक दिवस मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "शेटजी, ह्ये माझ्या हातचं न्हाई आता. खोटं बोलून कशाला बांधत राहू?" असं सांगणारा वैद्य मी तेव्हापासून फार जपून ठेवला आहे मनात.

मी शेषेरावला गोदामाच्या दारावर राखणीचं काम देऊ केलं. स्टूल, सावली, काही उचलायचं नाही. मला वाटलं, तो पाया पडेल.

तो म्हणाला, "शेटजी, राग मानू नका. मिसरूड फुटली न्हवती तवा मी बाच्या संगं हमालीला या मोंढ्यात आल्तो. आता इथं बसून दुसऱ्यांच्या पाठी बघू? त्यापरीस टेंभुर्णीला जाऊन ढोरं राखीन. तुम्ही फकस्त त्या डाक्टरला इचारा, मला पुन्हा पोतं उचलता येईल का न्हाई. न्हाई म्हनले, तर उद्याच निघतो."

त्याची बायको राधाबाई मागं उभी होती. बोलायला तिखट. म्हणाली, "इचाराच जल्दी! घरात बसून त्यो मलाच पोत्यावानी बघून राह्यला. कोन्या बाजूनं उचलावं म्हून!"

शेषेराव हसला. पडल्यापासून पहिल्यांदा.

* * *

डॉक्टर म्हणाले, उघडून प्लेट बसवावी लागेल. तोवर जालन्यात कुणी कुणाच्या हासळीवर असलं ऑपरेशन केलेलं नव्हतं. मुंबईहून प्लेट आणि स्क्रू आले. मी ती प्लेट हातात घेऊन पाहिली. पट्टीसारखी सरळ!

"ही सरळ, हाड वाकडं," मी म्हटलं.

"म्हणून आधी वाकवायची. हाड वरच आहे, कातडीच्या खाली लगेच. प्लेट नीट बसली नाही तर पोत्याखाली ती कातडी फाडून बाहेर येईल. मोडलेली टोकं झिजली आहेत, त्यांच्यावरून पूर्वीचा बाक कळत नाही. एक्स-रे इथं नाही." ते शेषेरावच्या शाबूत, डाव्या हासळीवर शिशाची पट्टी दाबून आकार घेऊ लागले.

मी थोडा वेळ पाहिलं. मग राहवेना. "डॉक्टरसाहेब, माझं धोतर अजून डब्यात आहे का? आणि ती एकाच माणसाची दोन हाडं?"

त्यांचा हात थांबला. शिशाची पट्टी त्यांनी खाली ठेवली.

"सही बात," म्हणाले. "पण मग याच्या उजव्या हासळीचा आकार मला सांगणार कोण?"

"त्याची गादी!" मी बोलून गेलो. आणि बोलल्यावर आठवलं, गादी नदीत.

तरी मी मुकादमांना निरोप धाडला. वाटलं, असेल एखादी जुनी. दुपारी अख्खी टोळी दवाखान्याच्या दारात. मुकादमांनी रुमालातून गादी काढली. कोरी करकरीत! तांबडं चामडं, कडेनं पिवळ्या दोऱ्याची शिवण. चांभारापाशी बसून त्यांनी ती शिवून आणली होती.

डॉक्टरांनी वरून हात फिरवला. पाटासारखी सपाट! "जुनी पाहिजे होती."

मुकादम गोंधळले. "साहब, जुनी असती तरी काय आणली असती? घाण, घामट. आपके सामने कैसे लाते? म्हणून तर सगळ्यांनी मिळून..."

शेषेराव आतल्या खोलीत खाटेवर होता, बाहेरचं हे त्याला काही माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, अंदाजानं करावं लागेल. अंदाज चुकला तर मात्र पोतं विसरायचं.

राधाबाई दाराशी बसली होती. ती उठली आणि निघून गेली. तासाभरानं आली, ती पदराखाली काहीतरी धरून. डॉक्टरांच्या टेबलावर तिनं एक गादी ठेवली. काळी, कडक, ठिगळाची. मध्ये खोल बाक पडलेला. खोलीभर घामाचा वास.

"शेषेरावची?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरचीच हाय," ती म्हणाली.

मुकादमांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं मुकादमांकडं पाहिलं. मग मुकादमांनी विडी पेटवली. ती आधीच पेटलेली होती! मला वाटलं, नदीतून परत काढली असावी कुणी, आणि कायदा मोडला म्हणून हे अवघडले आहेत. अशा वेळी विचारू नये, एवढं मला धंद्यानं शिकवलं आहे.

डॉक्टरांनी त्या बाकात शिशाची पट्टी दाबली आणि तिच्यावरून प्लेट वाकवली.

* * *

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही बाहेर बाकावर. क्लोरोफॉर्मचा गोड वास येई आणि विठोबाला भोवळ. तुळशीरामही धावड्याहून आला होता, बोलावलं नसताना. तो डोळे मिटून हवेतच बोटं फिरवत बसला होता, जणू आतलं हाड इथून चाचपतोय.

डॉक्टर बाहेर आले ते हात पुसत. चेहऱ्यावर हसू मावेना.

"एकदा पण पुन्हा वाकवावी लागली नाही! ठेवली, आणि बसली! शेटजी, हैदराबादेत सांगितलं तर कुणी मानणार नाही, की माप चामड्यावरून घेतलं."

तुळशीरामनं विचारलं, "साहेब, खालची रग?"

"सलामत."

तुळशीरामनं बोटं मिटली आणि न जेवताच परत गेला.

ती गादी डॉक्टरांनी मागून घेतली. हाडांच्या डब्यात, माझ्या धोतराशेजारी ठेवली.

* * *

पुढं कापसाचा हंगाम आला. डॉक्टर म्हणाले, आज अर्धं पोतं घेऊन पाहू. ते स्वतः मोंढ्यात आले, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली गादी. शेषेराव ओट्यासमोर उभा. राधाबाई लिंबाखाली, पदर दातात धरून. टोळी थांबलेली. एरवी त्या वेळी मोंढ्यात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, पण तेव्हा चिमण्या ऐकू येत होत्या.

मुकादमांनी ती तांबडी, कोरी गादी पुढं केली. शेषेराव वादी बांधायला लागला.

"ठहरो," डॉक्टर म्हणाले. "माणसाची चीज माणसाकडं." त्यांनी कागद सोडून काळी गादी त्याच्या हातात दिली. "हिच्यामुळं तू उभा आहेस. ही तुझी."

शेषेरावनं ती उलटून पाहिली. आतल्या बाजूला, वादीजवळ, हळदकुंकवाचा जुना डाग होता. त्यानं तो अंगठ्यानं पुसून पाहिला. निघाला नाही.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "ही माझी न्हाई. माझी मुकादमांनी नदीत सोडली व्हती. ही माझ्या बाची."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मुकादमांकडं पाहिलं. मुकादम तिन्ही कायद्यांचे राखणदार. ते वळून पोत्यांची थप्पी मोजायला लागले. सगळे लिंबाकडं पाहायला लागले.

राधाबाईनं दातातला पदर सोडला. "काय बघून राह्यले? घरात खुंटीला तेवढीच व्हती!"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बापाची? मग प्लेट... प्लेट बैठी कैसे?"

थप्पी मोजता मोजता मुकादमांचा हात आपल्या उजव्या हासळीवरच्या त्या जन्माच्या गाठीवर गेला. शेषेरावनं तांबडी गादी मुकादमांच्या हातात परत ठेवली. बापाची गादी उजव्या खांद्यावर घेतली, वादी बगलेतून ओढून बांधली, खांदा एकदा पुढं, एकदा मागं फिरवला. मग पाय रोवून वाकला आणि खालूनच म्हणाला,

"अर्धं न्हाई. भरलेलं टाका!"